जुलाबाने उतरतं ते पाणी, चरबी नव्हे

‘रात्री एक गोळी घे, सकाळी पोट सपाट,’ हा सल्ला मैत्रिणींमध्ये सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. त्यामागचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज : जेवणानंतर रेचक घेतलं, की खाल्लेलं अंगी लागत नाही.
वस्तुस्थिती : भाकरी, तूप, साखर यांतले उष्मांक लहान आतड्यातच शोषले जातात. सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारख्या रेचकांचा जोर चालतो तो मुख्यतः पुढच्या मोठ्या आतड्यावर. तोवर बहुतेक उष्मांक रक्तात पोचलेले असतात. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेचकांमुळे चार ते सहा लिटर जुलाब होऊनही उष्मांकांचं शोषण जेमतेम १२ टक्क्यांनी घटलं.

गैरसमज : पण वजनकाट्यावर फरक दिसतो ना!
वस्तुस्थिती : ती घट पाण्याची आणि मलाची असते. शरीराला पाण्याची तूट जाणवली, की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. औषध थांबवल्यावर पाय, चेहरा सुजतो, काटा वर जातो. ‘मी जाड झाले’ या धास्तीने पुन्हा गोळी घेतली जाते. हळूहळू एका गोळीने भागेनासं होतं आणि गोळ्यांची संख्या वाढत जाते.

गैरसमज : चूर्ण आणि ‘स्लिमिंग टी’ नैसर्गिक, म्हणून निर्धोक.
वस्तुस्थिती : यांतल्या अनेकांत सोनामुखीच असते. ती वनस्पती असली, तरी तीव्र रेचक आहे. आयुर्वेदातलं विरेचनही वैद्य प्रकृती पाहून, पूर्वतयारी करून देतात. ते रोज घ्यायचं औषध नव्हे.

गैरसमज : फार तर पोटात कळ येईल.
वस्तुस्थिती : जुलाबावाटे पोटॅशियम निघून जातं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असावं लागतं. ते फार घसरलं, तर स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके चुकतात आणि जीवही जाऊ शकतो. सततच्या वापराने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. जुलाब होत असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही कमी होतो.

गैरसमज : अंगाने बारीक असलेल्यांनाच रेचकांच्या अतिवापराचा त्रास असतो.
वस्तुस्थिती : बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी, रेचक अशा मार्गांनी ते भरून काढू पाहणं) या आजारात वजन बहुधा सर्वसाधारणच असतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. जेवण झाल्या झाल्या संडासात जाणं, लपवलेली पाकिटं, वजनाचा सतत घोर ही चिन्हं ओळखा. रागावू नका. लाजेपोटी माणूस आणखी लपवतो.

बरेच दिवस रेचक घेत असाल, तर डॉक्टरांना खरं सांगा आणि पोटॅशियम तपासून घ्या. बंद केल्यावर येणारी सूज आणि बद्धकोष्ठता बहुधा तात्पुरती असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो काळ निभावता येतो. चक्कर, धडधड किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. मनावरचं ओझं बोलून दाखवायचं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.