त्यांनी धावपट्टीही स्वतःच केली

विमान उडविणे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे कोणी आपल्या मुलांना म्हटले, तर त्यांना शिकागोची ही हकीकत अवश्य सांगावी.

कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन हे दोघे मोटार-मेकॅनिक. केवळ काळ्या वर्णामुळे विमानविद्येच्या शाळेने त्यांना दाराशीच अडविले. खटल्याचा इशारा मिळताच दार उघडले. १९३१ मध्ये दोघे उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह क्लब काढला आणि रॉबिन्स या कृष्णवर्णीयांच्या गावी स्वतः राबून धावपट्टी तयार केली. परिचारिका जॅनेट ब्रॅग यांनी पदरच्या पैशांतून क्लबसाठी विमान घेतले. १९३३ च्या वादळाने हँगर उद्ध्वस्त केला. पण ही मंडळी खचली नाहीत, दुसऱ्या विमानतळावर गेली. १९३८ मध्ये विला ब्राउन यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला.

त्या काळचे पायपर कब विमान पाहा. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, मागे-पुढे दोन आसने, अवघे ६५ अश्वशक्तीचे इंजिन! चालविणाऱ्याचा वर्ण ओळखणारा एकही भाग त्यात नव्हता. भेद होता तो माणसांच्या मनात.

शिक्षण, संघटन आणि संघर्ष हा बाबासाहेबांनी दाखविलेला मार्ग याहून निराळा आहे काय? उद्या आपली लेक वैमानिक व्हायचे म्हणाली, तर हसू नका. तिच्या गणिताच्या वहीकडे लक्ष द्या.