आधी राखणदार शिकवा, मग कुत्रा



पूर्वी राखण म्हणजे गोफणीने पाखरे उडवायची आणि रात्री डबा वाजवून रानडुकरे हाकायची. आता विहिरीवरची मोटार, केबल, तुषार संचाचे पाइप आणि रानात गंजी घातलेले सोयाबीनही राखावे लागते. शिवाय आपली पोरे लातूर-नांदेडकडे कारखान्यांवर, गोदामांवर पहारेकरी म्हणून जातात. दोन्हीकडे एकच सल्ला मिळतो : “एक तिखट कुत्रा पाळा, म्हणजे झाले.” माझे मत वेगळे आहे. न शिकलेल्या राखणदाराच्या हातातला तिखट कुत्रा चोरापेक्षा घरच्या लेकरांना जास्त धोक्याचा.

चांगल्या कुत्र्यांची आपल्याकडे वाण नाही. लातूर भागातले कारवान आणि पश्मी दूरवर नावाजलेले आहेत. पण घेण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या, की हे नजरेचे शिकारी. पळते जनावर दिसले की सुटलेच. सशाची शिकार आज कायद्याने गुन्हा आहे, पण त्यांच्या रक्ताला कायदा कोण सांगणार! याच जातकुळीतल्या मुधोळची पिल्ले लष्कराने २०१६ साली मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली होती. शिकवले तर तेही शिकतात. मात्र तिथे शिकवणारे जाणकार असतात. रानातल्या राखणीला धावेपेक्षा कान, नाक आणि वेळेवरचे भुंकणे लागते. त्या कामी गावठी कुत्री पुष्कळदा सरस ठरते, आणि भाकरीवर राहते.

पोलिसांच्या श्वान पथकात कुत्र्याला ठरलेला हस्तक असतो. दोघे बरोबर शिकतात. आपणही तेच करावे. राखण जो करणार त्यानेच पिल्लाला खाऊ घालावे, फिरवावे, गोचिड्या काढाव्यात. हुकूम चारच ठेवा : ये, बस, थांब, सोड. घरात एकाने “बस” आणि दुसऱ्याने “खाली” म्हटले, की कुत्रा दोघांचेही ऐकत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. ऐकले की लगेच तुकडा द्या. चुकले तर मारू नका, पुन्हा करवून घ्या. मिरची चारून किंवा अंधारात डांबून कुत्रा तिखट होत नाही, भेदरट होतो, आणि भेदरलेलाच आधी चावतो.

राखणदाराने शिकायचे ते याहून अवघड आहे. फेरी घालताना शक्यतो वारा तोंडावर घेऊन चालावे, म्हणजे पुढचा वास कुत्र्याला आधी लागतो. त्याचे कान कुठे वळले, पाठीवरचे केस कधी उभे राहिले, हे पाहायला शिकावे. मांजर दिसल्यावरचे भुंकणे आणि माणूस आल्यावरचे भुंकणे यांतला फरक महिन्या-दोन महिन्यांत कळू लागतो. माणूस असेल तर साखळी सोडू नये. जागीच उभे राहावे, बॅटरी मारावी, हाक द्यावी, शेजाऱ्यांना उठवावे. कुत्र्याचे काम तिथे संपले.

नोकरीवर जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट. खासगी पहारेकऱ्यांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानावरचे शिक्षण सांगितले आहे. हाती कुत्रा देणार असतील, तर त्याच्याबरोबरचा सराव कोण करून घेणार, हे आधीच विचारावे.

कुत्रा निष्काळजीपणे मोकळा सोडून कोणाला इजा झाली तर मालक सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उलट दिवसरात्र आखूड साखळीला बांधून ठेवणे हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस टोचावी, पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. आणि चावलाच, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढे करूनही चोरी झालीच, तर मोटारीच्या जागी सारा गाव जमवू नका. चोराने टाकलेली चप्पल, दोरी हाताने उचलू नका. पोलिसांचा कुत्रा येईपर्यंत ती वाट कोणी तुडवू देऊ नका. पन्नास माणसांच्या पायांखाली गेलेला माग चांगल्या शिकलेल्या कुत्र्यालाही काढणे अवघड जाते.