पॅच बसत नाही? आधी कारण शोधा

काष्टी (ता. श्रीगोंदा) येथे शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बाजाराला आलेला शेतकरी त्याच फेरीत सात-बारा उतारा, पीकविमा, बँकेचे काम उरकू पाहतो. अशा दिवशी सेवा केंद्रातील संगणक ‘अपडेट’ घेता घेता अडकला, तर साऱ्या रांगेचा खोळंबा होतो. त्यामुळे अनेकजण पॅच घेणेच बंद करतात. हा उपाय महागात पडू शकतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिलेला पॅच ज्या संगणकांवर बसला नव्हता, त्यांनाच १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने गाठले. सुमारे दीडशे देशांना त्याचा फटका बसला.

पॅच संपूर्ण प्रणाली नव्याने देत नाही. त्यातील सदोष भाग तेवढा बदलतो. डिस्कवर जागा नसेल, मूळ फाईल बिघडलेली असेल किंवा वीज गेल्याने आधीचे काम अपुरे राहिले असेल, तर हा बदल पूर्ण होत नाही.

अशा वेळी प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवावी. संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा आणि डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. त्यानंतर ‘अपडेट हिस्टरी’तील त्रुटीचा क्रमांक टिपून घ्यावा. तरीही अडचण राहिल्यास विंडोजमधील ‘डिस्म’ व ‘एसएफसी’ या साधनांनी बिघडलेल्या फायली दुरुस्त करता येतात.

केवळ क्रमांकावर विसंबणेही योग्य नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चा एक पॅच ‘८००७०६४३’ हा क्रमांक दाखवून असंख्य संगणकांवर अडला. मुख्य डिस्कवर मुबलक जागा होती. अपुरा होता तो ‘रिकव्हरी’चा छोटा विभाग. त्यात २५० मेगाबाइट जागा मोकळी हवी होती. ज्या संगणकांवर हा विभागच नव्हता, त्यांना त्या पॅचची गरजही नव्हती.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे जुन्या संगणकावर पॅच येत नसेल, तर तो बिघाड असेलच असे नाही.

पॅच बसल्यावर छपाई, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि नेहमीची कामे तपासून पाहावीत. हे सारे शुक्रवारी रात्री नव्हे, तर बाजार उठल्यावर, हाती मोकळा वेळ असताना केलेले बरे.