ढोपराला डाग, ओठाला नाही: असं का?

आजचा एपिसोड थेट टेंभी नाक्यावरून. दहीहंडीला इथे जेवढी ढोपरं फुटतात तेवढी अख्ख्या ठाण्यात कुठे फुटत नसतील (हा माझा अंदाज हं!). वरच्या थरावरून गोविंदा घसरला की बऱ्याचदा दोन जखमा होतात: ढोपर सोलवटतं आणि दाताखाली येऊन ओठ आतून फाटतो. ओठ काही दिवसांत बरा, नंतर जागाही सापडत नाही. ढोपरावरचा डाग मात्र वर्षानुवर्षं राहतो.

जखम भरताना दोन कामं एकदम चालतात. वर, कडेच्या त्वचापेशी म्हणजे केराटिनोसाइट सरकत येऊन पांघरूण घालतात. खाली फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे घालतात. त्यातल्या काहींच्या अंगात स्नायूसारखे आकसणारे तंतू तयार होतात. 1971 मध्ये ज्युलिओ गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी या पेशी ओळखल्या. आज त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. पोत्याचं तोंड दोरीने आवळावं तशा त्या जखमेच्या कडा ओढतात. ओढणं चांगलंच, जखम लहान होते. घोळ होतो तो त्या थांबल्या नाहीत की.

त्यांना आवर घालण्यात वरच्या पांघरुणाचा मोठा हात आहे, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. वरच्या पेशी खाली रासायनिक निरोप धाडतात. त्यातला एक, इंटरल्युकिन-1, फायब्रोब्लास्टचं मायोफायब्रोब्लास्ट होणं रोखतो. जखम झाकली गेली की बहुतेक मायोफायब्रोब्लास्ट मरून जातात. तोंडाच्या अस्तरातल्या पेशी हे पांघरूण झटपट घालतात, तिथे सूज कमी येते, लाळेमुळे ओलावा असतो, आणि आवळायला चिथावणारं टीजीएफ-बीटा-1 कमी असतं. (सुपारी-गुटख्याने मात्र हेच अस्तर कडक होतं, तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. टपरीवर काय दिसतं ते तुम्हीच बघा.)

आता भाजलेली जखम घ्या. खोल भाजलं की पांघरूण घालणाऱ्या पेशी फक्त कडेला उरतात, मधे काहीच नाही. भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले तर जाड, आवळणाऱ्या व्रणाचा धोका खूप वाढतो. मग हनुवटी छातीकडे ओढली जाते, कोपर सरळ होत नाही. म्हणून सर्जन जखम लवकर झाकायची घाई करतात, शक्यतो रुग्णाच्याच मांडीवरची पातळ त्वचा लावून. पण अर्धं अंग भाजलं असेल तर तेवढी त्वचा आणायची कुठून?

ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला उतरलात की तिथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे, आणि त्यांची त्वचापेढी आहे. दान केलेली त्वचा कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तोवर जखम झाकलेली राहते आणि रुग्णाला सावरायला वेळ मिळतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात. रक्तगट जुळायची गरज नाही. ग्लिसरॉलमध्ये, 4 अंशांवर ठेवली तर ही त्वचा पाच वर्षांपर्यंत वापरता येते.