पत्रा, धाबे आणि कापूस

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो आणि पत्र्याच्या घरात बसवत नाही. पत्र्याखाली घालायचा हलका थर उष्णता किती अडवतो, हे 'गार्डेड हॉट प्लेट' पद्धतीने मोजतात. आयएस 3346 या भारतीय मानकात तीच दिली आहे. विजेने तापवलेल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना सारखे नमुने, त्यांबाहेर थंड तबकड्या. भोवतीचे कडे तितकेच गरम ठेवल्याने उष्णता कडेने निसटत नाही. तापमाने स्थिरावेपर्यंत थांबावेच लागते. घाईचा किंवा दमट नमुन्याचा आकडा फसवा. स्थिर हवेची वाहकता सुमारे 0.026, कापसाची 0.04 वॅट प्रति मीटर-केल्विन. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती याहून कितीतरी अधिक वाहक. तरीही धाब्याखाली गारवा असतो, तो तिच्या जाडीचा नि वजनाचा.