हळदीचा रंग आणि श्रावकाचे अचौर्य

जैन स्वयंपाकघरात कंदमुळांना मज्जाव असतो. बटाटा, रताळे, गाजर, ओले आले यांपैकी काहीही व्रतस्थ घरात शिजत नाही. हळद मात्र त्याच घरातील मसाल्याच्या डब्यात मानाने बसलेली असते. जमिनीखाली वाढणारी ती देखील एक गाठच. पण उकडून, उन्हात खडखडीत वाळवल्यावर तिच्यातील सचित्तपणा संपतो, म्हणून सुंठीप्रमाणेच तीही बहुतेक घरांत ग्राह्य ठरते. मुनींच्या आहाराचा चौका असेल तर अनेक गृहिणी बाजारची पूड टाळतात. अख्खे हळकुंड आणून, धुऊन, पुन्हा वाळवून ते घरीच दळले जाते. जीवदयेसाठी इतकी काळजी घेणाऱ्या घराला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. हळदीत मिसळले जाणारे सर्वांत घातक द्रव्य दळणात मिसळत नाही. ते अख्ख्या हळकुंडाच्या सालीवरच बसलेले असते.

हे द्रव्य म्हणजे लेड क्रोमेट. शिसे आणि क्रोमियम यांच्या संयोगातून झालेली ही झळझळीत पिवळी भुकटी रंगाच्या कारखान्यांत वापरली जाते. रस्त्यावरचे पिवळे पट्टे आणि यंत्रांवरचा पिवळा लेप यांसाठी तिचा उपयोग पुष्कळ काळ होत आला आहे. अन्नात तिला कोणतेही स्थान नाही. शिशाचे सुरक्षित असे प्रमाण नसते, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषू शकते. तेथून ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. बुद्धी, एकाग्रता, स्वभाव या सर्वांवर त्याची छाया पडते. आईच्या हाडांत साठलेले शिसे गर्भापर्यंतही पोहोचते. आणि हे सारे घडत असताना ताप नाही, उलटी नाही, अंगावर पुरळही नाही. विषबाधा झाली आहे हे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

बांगलादेशात ते ध्यानी आले, तेही आडवाटेने. ग्रामीण भागातील ४३० गर्भवती स्त्रियांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा ३१ टक्के स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याजोगे आढळले. आसपास शिशाचा कारखाना नव्हता, मोटारींचा धूर नव्हता. मग हे शिसे आले कोठून? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ, स्टीफन लुबी आणि ढाक्यातील अतिसार संशोधन केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी शक्य तेवढ्या वाटा तपासल्या: शेतातील औषधे, डब्यांचे डाग, माती, धान्य. शिशाच्या अणूंचीही एक प्रकारची वंशावळ असते. उगमानुसार त्यांतील समस्थानिकांचे प्रमाण बदलते. ही वंशावळ रक्तातील शिशाशी ताडून पाहिली, तेव्हा बोट हळदीकडे वळले.

पुढचे काम अधिक अवघड होते, कारण आता प्रयोगशाळा सोडून बाजारात उतरायचे होते. संशोधकांनी शेतकरी, पॉलिश करणारे, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशा हळदीच्या साखळीतील दीडशेहून अधिक लोकांशी संवाद साधला. त्यांतून जी हकिगत बाहेर आली ती कोणत्याही व्यापारी घराण्याने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. १९८०च्या दशकात आलेल्या एका मोठ्या पुरात हळदीचे पीक भिजले. वाळवणे नीट झाले नाही आणि माल काळपट, निस्तेज निघाला. तो खपावा म्हणून कोणीतरी पिवळा रंग चोळला. पूर ओसरला, पुढची पिके चांगली आली, पण रंग राहून गेला. कारण रंग लावलेल्या मालाला उठाव अधिक होता. शिवाय साल नीट घासून काढण्याचे श्रमही वाचत. अर्धवट घासलेल्या हळकुंडावर रंग बसला की दोष झाकला जाई. बाजारात त्या भुकटीला ‘पिउरी’ अशी नावेही पडली होती. पुष्कळांच्या लेखी तो केवळ एक ‘रंग’ होता. तपासलेल्या पुडीच्या नमुन्यांत एका ग्रॅममागे ११५२ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे आढळले. त्या देशाची मर्यादा होती २.५ मायक्रोग्रॅम.

या हकिगतीत खलनायक शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. पॉलिश करणारा म्हणतो, घाऊक व्यापाऱ्याला पिवळाधमक माल हवा असतो. घाऊक व्यापारी म्हणतो, दुकानदार तसाच मागतो. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो, आणि गिऱ्हाइकाला तर भाजीचा रंग तेवढा छान यायला हवा असतो. कोणीही कोणाच्या मुलाला विष घालायला निघालेला नव्हता. तरीही मुलाच्या पोटात विष गेले, आणि ते चुकून सांडलेले नव्हते. दर हंगामात, हाताने, मोजून घातलेले होते.

जैन आचार्यांनी अशा प्रसंगाचा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार उमास्वामींनी (श्वेतांबर परंपरेत उमास्वातींनी) सांगितले, त्यांतील एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल मालासारख्या दिसणाऱ्या हलक्या वस्तूची भेसळ. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्यालाच सदृशसन्मिश्र म्हटले आहे: सारख्यात सारखे मिसळणे. खोटी मापे, चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम ओलांडणे यांच्याच ओळीत भेसळ बसवलेली आहे. ही यादी करणाऱ्यांना पेढीवरचा व्यवहार आतून ठाऊक होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

भेसळीला त्यांनी चोरीच्या सदरात घातले, हिंसेच्या नव्हे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तुपात वनस्पती तूप किंवा केशरात रंगवलेले तंतू मिसळले तर गिऱ्हाइकाचे पैसे चोरीला जातात. तेथे हे वर्गीकरण चपखल बसते. लेड क्रोमेटच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. श्रावकाला उद्योगी हिंसा, म्हणजे उपजीविकेच्या ओघात होणारी हिंसा, पूर्णपणे टाळता येत नाही हे शास्त्राने मान्य केले आहे. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्याने केलाच पाहिजे. रंग लावणारा म्हणेल, माझा संकल्प रंगाचा होता, मारण्याचा नव्हता. अज्ञान होते तोवर या म्हणण्यात थोडे तथ्य असेल. एकदा कळल्यावर ते उरत नाही. कळूनही लावलेला रंग ‘धंद्याच्या ओघात झाले’ या सदरात घालता येणार नाही.

आणि येथे कृत, कारित व अनुमोदना हा भेद उपयोगी पडतो. ढाक्याच्या श्यामबाजारातील घाऊक व्यापाऱ्याने स्वतः रंगाला हात लावला असेलच असे नाही. त्याने केवळ ‘आणखी पिवळा माल पाठवा’ असे सांगितले. ते कारित झाले. चकाकणाऱ्या ढिगाला क्विंटलमागे चार पैसे अधिक देणारा आणि मातकट ढीग नाकारणारा खरेदीदार अनुमोदनेत आला. त्या बाजारातील विषाची वाट भावाने घातली होती; गिरणीतल्या हाताने ती फक्त चालून दाखवली.

ही वाट बंद झाली तीही बाजारातूनच. २०१९मध्ये संशोधन प्रसिद्ध झाल्यावर बांगलादेशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रकरण हातात घेतले. बाजारांत सूचनापत्रके लावली, वर्तमानपत्रांत इशारे दिले, व्यापाऱ्यांच्या बैठका घेतल्या. मग शिसे ओळखणारे क्ष-किरण यंत्र हाती घेऊन पथक श्यामबाजारात गेले. जागच्या जागी तपासणी झाली, दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला, माल जप्त झाला आणि हे सारे दूरचित्रवाणीवर दिसले. २०१९मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२०मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले आणि २०२१मध्ये शून्यावर. पॉलिशच्या गिरण्यांतूनही त्या भुकटीच्या खुणा नाहीशा झाल्या. गिरणीतील कामगारांच्या रक्तातील शिसे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. तीन दशकांची सवय दोन वर्षांत सुटली, आणि त्यासाठी हळदीचा व्यापार बुडाला नाही.

भारताच्या बाबतीत इतके निश्चिंत होता येत नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून घेतलेल्या हळदीच्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ टक्के नमुन्यांत एका ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे होते. पाटण्यात सापडलेले प्रमाण तर हजाराच्या वर होते. भारतीय मानकानुसार हळदीत १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालते, लेड क्रोमेट मात्र मुळीच चालत नाही. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि वसमत, हिंगोली, नांदेडकडे आज हळदीचे मोठे क्षेत्र आहे. या सौद्यांत माल पाहणारा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. ही जुनी रीत चांगलीच आहे, कारण गाभ्याचा रंग हळदीचा स्वतःचा असतो. बिघाड होतो तो फक्त सालीवरची चकाकी पाहून बोली चढते तेव्हा.

अमेरिकेने २०१६मध्ये अन्नात हेतुपुरस्सर मिसळल्या जाणाऱ्या घातक द्रव्यांविरुद्ध एक नियम केला. त्यामागे सूडबुद्धीची भीती होती, आणि ती निराधार नव्हती: १९८४मध्ये ऑरेगॉन राज्यातील द डॅलस या गावी एका पंथाच्या अनुयायांनी उपाहारगृहांतील सॅलडमध्ये रोगजंतू मिसळले आणि ७५१ माणसे आजारी पडली. कारखान्यात डोळ्यांत तेल घालून पाहारा कोठे ठेवायचा, तर या नियमात काही जागा ठळकपणे येतात: द्रव माल टाकीत उतरवण्याची व भरण्याची जागा, द्रवाची साठवण, मुख्य मालात पडणारे किरकोळ घटक, आणि मिश्रण व दळण. मूठभर द्रव्य जेथे संपूर्ण लॉटमध्ये पसरते अशाच या जागा आहेत. हळदीचे पॉलिशचे पिंप याच जातीचे. वैरी ज्या दाराने येईल, त्याच दाराने लोभही येतो. कुलूप एकच लागते. लोभाची ये-जा अधिक, हे मात्र अनुभवाने मान्य करावे लागते. २०२३मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील एका कुटुंबातील दोन मुलांच्या रक्तात शिसे आढळले आणि त्याचा माग सफरचंदाच्या गोड गराच्या पाकिटांपर्यंत गेला. त्यांतील दालचिनीच्या पुडीत शिसे आणि क्रोमियम निघाले. श्रीलंकेची दालचिनी, इक्वाडोरमध्ये दळलेली. पाचशेहून अधिक मुले बाधित झाल्याची नोंद झाली. दालचिनी मिश्रणात किती, तर चिमूटभर.

भारतातील २००६चा अन्नसुरक्षा कायदा विक्रेत्याला हात झटकू देत नाही. माल कोणाकडून घेतला हे ज्याला दाखवता येत नाही, त्या विक्रेत्यावरच जबाबदारी येते. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १० लाख रुपये दंड. पुरेशी दक्षता घेतली होती, हा बचाव कायद्याने ठेवला आहे. पण दक्षता तोंडी सांगून भागत नाही, ती कागदावर दिसावी लागते. म्हणून मसाल्याच्या पेढीवर प्रत्येक लॉटला क्रमांक असावा, दोन लॉट गोदामात एकत्र होऊ नयेत, प्रत्येकाचा थोडा नमुना मोहोरबंद करून, तारीख घालून ठेवावा. ज्या गिरणीतून पॉलिश किंवा दळण होते तेथे मालकाने स्वतः, न कळवता, एखादी फेरी मारावी. पॉलिशच्या वेळी शिंपडायचेच तर हळदीचे पाणी पुरते; रंगाचे पोते तेथे दिसण्याचे काही कारण नाही. रात्रपाळीत पिंपाजवळ कोण असते हेही ठाऊक असावे.

घरासाठी एक साधी परीक्षा अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सुचवली आहे. पाण्याच्या पेल्यात अख्खे हळकुंड टाकावे. शुद्ध असेल तर पाण्याला रंग सुटत नाही. लेड क्रोमेटचा लेप असेल तर तो लगेच सुटू लागतो. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असा पेला ठेवायला काही खर्च नाही, आणि ‘ही जरा फिकी दिसते’ म्हणणाऱ्या बाईंना तो दाखवताही येतो. पेला पकडतो ती ढोबळ लबाडी. थोडक्या प्रमाणातील शिसे त्याला दिसत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच लागतो, आणि तो त्या लॉटच्या खरेदी-पावतीसोबत एकाच फायलीत लावलेला असावा.