राजा गेला तेव्हा कोण कोण रडलं?

जुन्या बखरी वाचायची मला खोड आहे. बखरकार धन्याची स्तुती करणारच, हे धरूनच त्या वाचायच्या असतात. तरीही एखाद्या ओळीशी आपण अडतो. २०२२ मध्ये युक्रेनमधलं युद्ध पेटलं आणि रोज नकाशात नवी गावं शोधावी लागली, तेव्हा तिथल्या गालिच-वोलिन बखरीचं इंग्रजी भाषांतर मी हाती घेतलं. तिच्यातल्या अशाच एका ओळीनं मला वोलोदिमिर गावात नेऊन सोडलं.

गाव युक्रेनच्या वायव्येला, पोलंडच्या सरहद्दीजवळ, लुहा नदीच्या काठी आहे. त्याचा पहिला उल्लेख ९८८ सालचा. कीव्हच्या ज्या राजानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याचंच नाव गावाला मिळालं. म्स्तिस्लाव राजानं ११६० मध्ये उभारलेलं मोठं चर्च तिथे आहे. मधल्या काळात ते ढासळलं होतं. १९०० पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इथे वोलोदिमिर वासिलकोविच राज्य करत होता. हा राजा ग्रंथवेडा. स्वतः पोथ्यांच्या नकला करी. बखरकार त्याला तत्त्वज्ञ म्हणतो. त्याला पोटचं मूल नव्हतं, आणि शेवटी जबड्याला असाध्य रोग जडला. तीन-चार वर्षं तो झिजत राहिला. त्या आजारपणात त्यानं सोन्याचांदीची भांडी आणि आई-आजीचे सोन्याचे हारसुद्धा वितळवून दानधर्म केला. मंगोलांच्या धाडीत ज्यांची घोडी गेली होती, त्यांना आपल्या कळपातली जनावरं वाटली.

१२८८ च्या हिवाळ्यात राजा वारला. शोक करणाऱ्यांची यादी बखरीत आहे: सरदार, श्रीमंत, गरीब, शिवाय जर्मन, क्रिमियातल्या सुरोझचे आणि नोव्हगोरोदचे लोक. त्यांच्यासोबत ज्यूही येतात. जेरुसलेम पडून आपल्याला बाबिलोनला कैदेत नेलं जात असावं, तसे ते रडले, असं बखर सांगते.

याच ओळीशी मी अडलो. त्यांचा शोक सांगायला ख्रिस्ती बखरकारानं त्यांच्याच इतिहासातलं सर्वांत मोठं दुःख निवडलं. यात स्तुती किती आणि सत्य किती, कोण सांगणार? पण परक्या मुलखात राहणाऱ्या छोट्या समाजाला भला राजा म्हणजे डोक्यावरचं छप्परच. ते उडाल्यावर उद्याच्या भीतीनंही माणूस रडतो.

राजे गेले, सत्ता बदलल्या, ज्यू मात्र गावात राहिले. व्हिएन्नात तुरुंगवास भोगलेले विद्वान धर्मगुरू योम-तोव लिपमन हेलर १६३४ पासून काही वर्षं इथेच होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, पोलंडच्या अमलात, गावातली जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा आल्या. ज्यूंना कुंपणाच्या आत कोंडलं गेलं. १९४२ च्या सप्टेंबरात गावाजवळच्या पियातिद्नी इथे खड्डे खणून त्यांना गोळ्या घातल्या. त्या महिन्यात गावात आणि आसपास मिळून सुमारे १८ हजार जीव गेले. उरलेल्यांतले शेवटचे १९४३ च्या डिसेंबरात मारले गेले. सोव्हिएत फौज पोचली ती १९४४ च्या जुलैमध्ये. युद्धानंतर मोठं सिनेगॉगही पाडलं गेलं. म्स्तिस्लावचं चर्च तेवढं राहिलं.

एका राजाच्या मरणानंतर कोण कोण रडलं, हे बखरकारानं नेमकं लिहून ठेवलं. त्या १८ हजारांसाठी कोण रडलं? काही शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून माणसं लपवली. काहींनी जर्मनांच्या पोलिसांत नोकरी धरली. पण बखरीतल्यासारखी यादी करायची म्हटली, तर ती होणार नाही. ज्यांनी एरवी रडायचं, ते आई-बाप, भावंडं, लेकरं, सगळे त्याच खड्ड्यात होते.